जुन्या बीटलचे ब्रेक आणि सायलेन्सर: या चुका टाळा

जुनी फोक्सवॅगन बीटल घरी आली की पहिला खर्च कशावर होतो तर पेंट, सीट कव्हर आणि क्रोमचे बंपर. ब्रेक "लागतायत ना" म्हणून तसेच राहतात आणि सायलेन्सर फाटेपर्यंत कुणी खाली वाकून बघत नाही. गाडी साधी आहे हे खरं, रेडिएटर नाही, पाणी नाही, इंजिन मागे चार बोल्टवर. पण साधी आहे म्हणूनच लोक अंदाजाने पार्ट बदलत सुटतात, आणि ब्रेक काय किंवा एक्झॉस्ट काय, दोन्हीकडे तक्रार एका ठिकाणी दिसते आणि कारण भलतीकडेच असतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पेडल खाली गेलं की लगेच मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोरावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य पंप, मागवणं. अहो आधी पेडल काय सांगतंय ते बघा. एकदा दाबल्यावर खाली जातं पण पटापट दोन-तीनदा मारलं की वर येतं आणि कडक लागतं, तर बहुतेक वेळा शू (ब्रेक लावणारे पट्टे) ड्रमपासून, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल डब्यापासून, लांब गेलेत, म्हणजे फक्त ॲडजस्टमेंट हवी, खर्च शून्य. पेडल स्पंजसारखं मऊ लागतंय तर लाईनमध्ये हवा आहे. आणि पाय दाबून धरला की हळूहळू खाली सरकत जातं, बाहेर कुठे गळतीही नाही, तर मात्र मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, तिघांना एकच औषध देऊ नका.

ॲडजस्टमेंट करतानाही घोळ होतात. बीटलच्या ड्रम ब्रेकला आपोआप ॲडजस्ट होणारी सोय नाही, प्रत्येक चाकात दोन शू आणि दोन दातेरी ॲडजस्टर, दोघांच्या फिरवायच्या दिशा उलट. जुन्या मॉडेलला ड्रममधल्या भोकातून आणि नंतरच्यांना मागच्या प्लेटमधून स्क्रू ड्रायव्हर घालून दाते फिरवायचे, चाक अडेपर्यंत न्यायचं आणि मग हलकासा घासल्याचा आवाज राहील इतकं मागे घ्यायचं. मधेच एकदा पेडल जोरात दाबा म्हणजे शू जागेवर बसतील, मग परत चेक करा. आणि हे सगळं करण्याआधी हँडब्रेकची केबल ढिली करा, नाहीतर मागचे शू केबलनेच ओढलेले असतात आणि तुमचं सेटिंग खोटं निघतं. बरेच जण उलटं करतात, हँडब्रेक वर यायला लागला की लिव्हरजवळचे नट आवळत बसतात आणि शू कडे बघतच नाहीत.

आता ब्रेक जाम होण्याबद्दल, कारण यात लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. गाडी थंड असताना मस्त चालते, दहा-पंधरा किलोमीटर गेलं की जड होते, ड्रम हात लावता येणार नाही इतके तापतात, थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठीक. चारही चाकं धरत असतील तर चाकं उघडू नका, पेडलकडे जा. पेडलचा दांडा आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात साधारण १ मिलीमीटर मोकळी जागा लागते, हाताने पेडल दाबलं तर सुरुवातीचा थोडा ढिला खेळ जाणवला पाहिजे. तो नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ब्रेक ऑइल टाकीकडे परत जायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, ऑइल तापून फुगतं आणि ब्रेक स्वतःच लागत जातात. कुणीतरी पेडल "छान वर" यावं म्हणून दांडा लांब केलेला असतो, झालं.

एकच चाक धरत असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा त्या चाकाचा रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, आतून सुजलेला असतो, बाहेरून अगदी नव्यासारखा दिसतो. पायाच्या जोराने ऑइल आत जातं पण शूच्या स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. चाक धरलेलं असताना त्या चाकाचा हवा काढायचा निपल थोडा सैल करा, ऑइल चिळकांडी मारून आलं आणि चाक सुटलं तर मेकॅनिकल भाग ठीक आहेत, दाब आत अडकून बसलाय. होजचं वय माहीत नसेल तर सगळे बदला, त्यात कंजुषी नको, कारण १९६७ च्या आधीच्या गाड्यांमध्ये साधारणपणे ब्रेकचं सर्किट एकच असतं, एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले.

हवा काढताना दोन गोष्टी. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. अमेरिकन व्हिडिओत मागचं उजवं आधी सांगतात, पण उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सिलिंडर उजवीकडे असतो, तेव्हा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. दुसरं, जुना सिलिंडर असेल तर पेडल थेट तळाला दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. वर्षानुवर्षं पिस्टन जिथे गेलाच नाही तिथे गंज असतो आणि रबर त्यावर घासून फाटतं, मग लोक म्हणतात हवा काढली आणि सिलिंडर गेला.

ब्रेक ऑइल हवेतली वाफ ओढतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर झाकून उभ्या असलेल्या गाडीचं ऑइल वरून ठीक दिसलं तरी त्यात पाणी असतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं, पाणी ओढल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत येतो, म्हणून कशेडी किंवा खंबाटकी घाट उतरताना अचानक पेडल पोकळ होऊ शकतं. दर दोन वर्षांनी बदला. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात अजिबात मिसळायचं नाही. आणि ऑइल पेंटवर सांडलं तर लगेच पाणी ओता.

मागच्या ड्रममध्ये ओल दिसली की व्हील सिलिंडर (चाकातले शू ढकलणारा छोटा सिलिंडर) गेला असं धरून चालू नका. बोटावर घेऊन वास घ्या. जाड, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल आहे, ॲक्सलचं सील गेलंय किंवा गिअरबॉक्समध्ये ऑइल जास्त भरलंय. पातळ आणि पाण्याने धुतलं जात असेल तर ब्रेक ऑइल. दोन्ही केसमध्ये भिजलेले शू पेट्रोलने धुऊन परत लावू नका, दोन्ही बाजूंचे नवीन घाला. ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा.

मागचा ड्रम काढायचा तर ३६ मिलीमीटरचा मोठा नट आहे, छिन्नी-हातोड्याने मारून खराब करू नका, चाक जमिनीवर असतानाच लांब पाइप लावून सैल करा. लावताना किमान २१७ फूट-पाउंड, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. सैल राहिला तर ड्रमचे आतले दाते झिजून चाक डुगडुगायला लागतं.

सायलेन्सरकडे येऊ. पाय सोडल्यावर फटफट आवाज येतो म्हणून कार्बोरेटर उघडणारे खूप. आधी लीक शोधा: थंड इंजिन चालू करून, जाड हातमोजा घालून फडक्याने दोन्ही टेलपाइप क्षणभर दाबा, कुठेतरी फुसफुस ऐकू येईल. जॉइंटजवळ काळी काजळीची रेघ दिसली तर पॅकिंग गेलंच. या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये फुटतं.

गंजलेले नट जोर लावून फिरवू नका. एक्झॉस्ट जिथे बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, स्टड आत तुटला की इंजिन उतरवायची वेळ येते. आदल्या दिवसापासून गंज सोडवणारा स्प्रे मारत राहा, नट पुढे-मागे करत काढा, लावताना तांब्याचा मुलामा असलेले नट घ्या. वेल्डिंग करणार असाल त्या भागावर क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारू नका, तापल्यावर त्यातून विषारी फॉस्जीन वायू निघतो.

आणि ही गोष्ट कृपया मनावर घ्या. बीटलचा हीटर एक्झॉस्टच्या पाइपभोवतीच्या डब्यांमधून गरम हवा थेट केबिनमध्ये आणतो. डब्यातला पाइप सडला की कार्बन मोनॉक्साइड पोरांच्या सीटपर्यंत येतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय तर काचा खाली करा, गाडी थांबवा, हीटर बंद ठेवा आणि डबे तपासल्याशिवाय गाडी चालवू नका. इंजिनभोवतीचं रबरी सील फाटलं असेल तरी खालचा धूर पंखा ओढून घेतो. आपल्याकडे हीटर लागत नाही म्हणून डबे काढून साधे पाइप लावतात, चालेल, पण मग पंख्याच्या घरावरची हीटरची दोन्ही तोंडं बंद करायलाच हवीत, नाहीतर इंजिन थंड करायची हवा तिथूनच वाया जाते.

नवा सायलेन्सर लावताना इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणारा पाइप) गरम करणाऱ्या बारीक नळीकडेही बघा. इंजिन तापल्यावर तिच्या दोन्ही टोकांजवळ हात न्या, एक गरम आणि एक गार असेल तर आत कार्बन साचलाय किंवा स्वस्त सायलेन्सरच्या फ्लँजला भोकच पाडलेलं नाही, आणि थंड दमट सकाळी गाडी अडखळते ती यामुळे. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पूर्ण थंड इंजिनवरच सेट करा, बहुतेक मॉडेलला ०.१५ मिलीमीटर, आणि पहिल्या चांगल्या फेरीनंतर गाडी गार झाली की एक्झॉस्टचे सगळे नट परत एकदा आवळून घ्या, पॅकिंग बसल्यावर ते सैल होतातच.