परदेशातला मुक्काम वाढवायचाय? शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत या

पासपोर्ट हातात घ्या आणि एका कागदावर तीन तारखा लिहून काढा: व्हिसाची मुदत, देशात राहण्याच्या परवानगीची मुदत आणि पासपोर्टची स्वतःची मुदत. पहिल्या दोन तारखा एकच आहेत असं धरून चालणारे खूप जण मी पाहिलेत, आणि पुढची बरीचशी गडबड तिथूनच सुरू होते. व्हिसावरची तारीख पुष्कळदा एवढंच सांगते की या दिवसापर्यंत तुम्ही देशात शिरू शकता. आत किती दिवस राहायचं, ते वेगळ्या ठिकाणी लिहिलेलं असतं: शिक्क्यात, कार्डावर किंवा ऑनलाइन नोंदीत. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा १० वर्षांचा असला तरी एका खेपेला सहसा ६ महिनेच राहू देतात, आणि नेमकी तारीख आय-९४ या प्रवेशाच्या ऑनलाइन नोंदीत असते. विमानतळावरून घरी पोहोचलात की त्याच दिवशी ती नोंद उघडून बघा. चूक असेल तर ती लगेच दुरुस्त करून घेणं सोपं असतं.

युरोपातल्या शेंगेन देशांत (जिथे आपसातल्या सीमांवर सहसा तपासणी नसते) आणखी एक गुंता आहे. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, आल्याचा आणि गेल्याचा दिवस धरून. तुमच्याकडे यांपैकी एका देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर त्या देशातले दिवस यात धरत नाहीत. पण शेजारच्या शेंगेन देशात जाऊन राहिलात की तिथे ९० दिवसांची मर्यादा लागते. 'माझ्याकडे परमिट आहे, आता सगळीकडे मोकळीक' हा समज काढून टाका.

तिसरी तारीख मला स्वतःला महागात पडली. वर्षाची मुदतवाढ मिळणार होती, सगळे कागद जागेवर होते. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने पासपोर्टची पानं उलटली, मुदतीच्या तारखेवर पेनाचं टोक ठेवलं आणि मान हलवली. पासपोर्ट ५ महिन्यांत संपत होता, म्हणून शिक्का पडला तो ५ महिन्यांचा. फी मात्र पूर्ण भरावी लागली. अनेक देशांत पासपोर्टच्या पुढे परवानगी देत नाहीत. म्हणून पासपोर्टला वर्षापेक्षा कमी वेळ उरला असेल तर आधी तुमच्या दूतावासात जाऊन तो नवा करून घ्या, मग मुदतवाढीच्या मागे लागा.

उलटी मोजणी

परवानगी संपण्याच्या तारखेपासून मागे या. ६ महिने आधी नियम वाचा, तेही तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर. ४ महिने आधी कागद जमवायला घ्या. अर्ज ज्या दिवशी उघडतो त्याच आठवड्यात तो टाका. जपानमध्ये सहा महिने किंवा त्याहून जास्त मुदतीची राहण्याची परवानगी असेल तर साधारण ३ महिने आधीपासून अर्ज घेतात. काही ठिकाणी फार लवकर गेलात तरी परत पाठवतात, त्यामुळे 'कधीपासून' हेही नेमकं बघून ठेवा. जिथे अपॉइंटमेंट लागते तिथे तारीख मिळायलाच आठवडे जातात. कागद पूर्ण नसले तरी अपॉइंटमेंट आधी घेऊन ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

मुदतवाढ आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थायलंडमध्ये दीर्घ मुक्कामाला असलेल्यांना दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. ठरलेल्या दिवसाच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत ते करता येतं. त्या कळवण्याने मुक्काम एका दिवसानेही वाढत नाही. जर्मनीत घरात राहायला गेल्यावर २ आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा एक प्रकार आल्यापासून ३ महिन्यांत ऑनलाइन पक्का करावा लागतो, नाहीतर तो व्हिसा राहण्याचा परवाना म्हणून धरला जात नाही. अशा हजेऱ्या चुकल्याचं मुदतवाढीच्या वेळी निघतं, म्हणून त्यांच्या तारखाही त्याच कागदावर लिहा.

कागदांची फाइल

पैशांचा पुरावा सगळ्यात जास्त अडवतो. खात्यात रक्कम असून भागत नाही, ती किती दिवस पडून आहे हे बघतात. थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहणाऱ्याने बँकेच्या मार्गाने अर्ज केला, तर ८,००,००० बाथ अर्जाच्या किमान २ महिने आधीपासून खात्यात असावे लागतात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला पैसे दाखवावे लागतात तेव्हा ते सलग २८ दिवस असावे लागतात आणि मधे एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी अर्ज पडू शकतो. त्या काळात भाडं, फी, तिकीट यांतलं काहीही त्या खात्यातून जाऊ देऊ नका.

जन्म, लग्न, पदवी यांची प्रमाणपत्रं तुमच्या मूळ देशातून लागतात आणि त्यांवर अपोस्टिल मागतात. ही १९६१च्या हेग कराराची पद्धत: ज्या देशात कागद निघाला तिथल्या अधिकाऱ्याचा शिक्का एकदा पडला की करारातल्या इतर देशांत तो सहसा चालतो. चीन २०२३च्या नोव्हेंबरपासून आणि कॅनडा २०२४च्या जानेवारीपासून या पद्धतीत आहेत, त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्यांविषयीचा त्याआधीचा सल्ला आता बहुतेक ठिकाणी लागू नाही. भाषांतर लागणार असेल तर आधी अपोस्टिल, मग भाषांतर. उलट केलंत तर शिक्क्याचं भाषांतर राहून जातं आणि पुन्हा पैसे भरावे लागतात.

नावाकडे मात्र बारकाईने बघा. पासपोर्टवर मधलं नाव आहे आणि बँकेत नाही, लग्नानंतर आडनाव बदललं पण विम्यावर जुनंच आहे, पदवीवर एक अक्षर जास्त आहे. तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण खिडकीवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसं असतात. सगळे कागद टेबलावर ओळीने मांडून नावं एकाखाली एक वाचा.

अर्ज टाकल्यानंतर

मुदत संपायच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. वेळेत पोहोचला तर अनेक देश निकाल लागेपर्यंत सांभाळून घेतात. ब्रिटनमध्ये आधीच्याच अटींवर मुक्काम चालू राहतो. कॅनडात तसंच आहे. जपानमध्ये निकाल लागेपर्यंत किंवा मूळ तारखेनंतर जास्तीत जास्त २ महिने राहता येतं. जर्मनीत मधल्या काळासाठी वेगळं प्रमाणपत्र देतात. मुदतीनंतर एका दिवसाने टाकलेल्या अर्जाला यांतलं काहीच आपोआप मिळत नाही.

पावती मिळाली की तिच्या दोन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये एक फोटो. कामाच्या ठिकाणी, बँकेत, घरमालकाकडे तीच दाखवावी लागते.

आणि या काळात देशाबाहेर जाण्याआधी दहादा विचार करा. इथे हातचं घालवून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगते. ब्रिटनमध्ये अर्ज प्रलंबित असताना बाहेर पडलात तर तो मागे घेतला असं धरतात. ऑस्ट्रेलियात मधल्या काळाचा 'ए' प्रकारचा ब्रिजिंग व्हिसा परत यायला चालत नाही. प्रवास करायचा तर आधी 'बी' प्रकारचा मागावा लागतो. थायलंडमध्ये तर मंजूर झालेली मुदतवाढसुद्धा री-एंट्री परमिट न घेता बाहेर गेलात की संपते. घरी कुणी आजारी असतं, मध्यरात्री फोन येतो, आणि तेव्हा हे नियम शोधायला डोकं ठिकाणावर नसतं. सवड असतानाच विचारून ठेवा.

अर्ज फेटाळला तर निर्णयाच्या पत्रात अपिलाची किंवा फेरविचाराची मुदत दिली आहे का ते आधी बघा, ती थोडीच असते. अशा वेळी परवानाधारक वकिलाला पैसे देणं योग्य. 'आतून काम करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पासपोर्ट सोपवू नका, खोटा शिक्का निघाला तर गुन्हा तुमच्या नावावर चढतो. आणि मुदत संपूनही राहायचा विचार करू नका. अमेरिकेत १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलेल्याला ३ वर्षं आणि वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलेल्याला १० वर्षं प्रवेश बंद होऊ शकतो.

मंजूर झालं की नवं कार्ड किंवा शिक्का हातात घेऊन खिडकीपाशीच वाचा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, परवान्याचा प्रकार, कामाची परवानगी, शेवटची तारीख. मागे रांग खोळंबली तरी खोळंबू दे. एकदा माझ्या कार्डावर महिना आणि दिवस उलटे पडले होते. तिथेच दाखवलं, तर २० मिनिटांत दुसरं मिळालं. मग बाहेरच्या बाकावर बसून नवी तारीख वहीत लिहिली आणि तिच्यापासून ६ महिने मागे मोजून तिथे खूण केली.