झाडावर चढून वापरायची हलकी चेनसॉ: अधूनमधून काम करणाऱ्यांनी कशी निवडावी

वर्षातून मोजक्या वेळा झाडावर चढून फांद्या उतरवायच्या असतील, तर चेनसॉ निवडताना सीसी सर्वांत शेवटी बघा. आधी तीन गोष्टी बघा: कापायला तयार असताना तिचं वजन किती भरतं, चेन ब्रेक (फिरती चेन क्षणात थांबवणारा) किती खात्रीचा आहे, आणि चार महिने पडून राहिल्यावर ती विनातक्रार चालू होते का.

त्याही आधी, मशीन खरंच लागणार आहे का ते ठरवा. फांद्या १० सेंमी जाडीच्या आत असतील तर वक्र पात्याची, ३० ते ३३ सेंमी लांबीची ओढून कापणारी हातकरवत पुरते. ती म्यानात घालून कमरेला राहते, किकबॅक देत नाही (म्हणजे उसळून अंगावर येत नाही) आणि तिच्या खर्चाची चेनसॉशी तुलनाच नको. फांद्या जाड असल्या तरी ही करवत सोबत लागतेच, कारण कापात अडकलेला बार (चेन ज्यावर फिरते ती लांब पट्टी) सोडवायला तीच कामाला येते.

आता वजन. माहितीपत्रकात छापलेलं वजन बहुतेक वेळा नुसत्या मशीनचं असतं. बार, चेन, पेट्रोल आणि ऑइल त्यात धरलेलं नसतं. पाव लिटर पेट्रोल सुमारे १९० ग्रॅम, चेन ऑइल साधारण तेवढंच, १२ इंची बार आणि चेन मिळून आणखी अर्धा-पाऊण किलो. म्हणजे ‘३.२ किलो’ लिहिलेली सॉ झाडावर हातात सव्वाचार किलोच्या घरात जाते. एकोच्या सीएस-२५११टीसारखं २५ सीसीचं मशीन सुकं (इंधन, बार, चेन सोडून) २.३ किलो भरतं, तर ३५ सीसीची बरीच मशीन साडेतीन किलोच्या आसपास असतात. बॅटरीच्या सॉचं वजनही बॅटरी लावूनच विचारा. दुकानात ती दोन्ही हातांनी छातीच्या उंचीवर, अंगापासून थोडी लांब, मिनिटभर धरून बघा. मिनिटाभरात खांदा भरून आला तर झाडावर दहा मिनिटांत हात थरथरू लागतील.

बार १० किंवा १२ इंची घ्या. १४ इंचांच्या पुढे जाऊ नका. लांब बारमुळे पुढचं टोक जड होतं आणि नजरेआडच्या फांदीला लागण्याची शक्यता वाढते. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की सॉ उसळून अंगावर येते, तोच किकबॅक. बारपेक्षा जाड फांदी आलीच तर दोन बाजूंनी कापता येते. चेन कमी किकबॅकची, ३/८ इंच लो प्रोफाइल पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर) असेल तर सुटे भाग सहज मिळतात आणि बहुतेक चेनना धार लावायला ४ मिमीची गोल कानस चालते. पाव इंच पिचची चेन अरुंद काप घेते, त्यामुळे लहान मशीनवर ताण कमी येतो. पण तिला अनेकदा ३.२ मिमीची कानस लागते. पिच, गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची (त्याच कड्यांची) संख्या हे तीन आकडे बारवर कोरलेले असतात. ते टिपून ठेवा, नाहीतर बदली चेन चुकीची घेतली जाते.

मूठ वर की मागे? वरच्या मुठीची सॉ आखूड असते, दाट फांद्यांत फिरते आणि हार्नेसला (चढताना अंगावर बांधायच्या पट्ट्यांना) नीट लटकते. म्हणूनच ती एका हाताने चालवायचा मोह होतो, आणि एका हाताने धरलेली सॉ उसळली तर थेट खांद्याकडे किंवा चेहऱ्याकडे येते. उत्पादकही या सॉ प्रशिक्षित लोकांसाठीच असल्याचं बजावतात. प्रशिक्षण झालेलं नसेल तर वर हातकरवत न्या आणि मागच्या मुठीची छोटी सॉ जमिनीवर तुकडे करायला ठेवा.

अधूनमधून काम करणाऱ्याला आमच्या मते बॅटरीची सॉ बरी पडते. पेट्रोलच्या टू-स्ट्रोक मशीनला साधारण ५०:१ मिश्रण, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल लागतं, आणि हे मिश्रण महिन्याभरात शिळं व्हायला लागतं. टाकीत तसंच राहिलं तर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो, त्यातला इंधन ओढणारा पडदा कडक होतो. मग दोरी ओढून ओढून हात दुखतो, मशीन चालू होत नाही. पेट्रोलचंच घेणार असाल तर काम संपलं की टाकी रिकामी करा आणि आतलं इंधन संपून मशीन बंद पडेपर्यंत चालवा.

बॅटरीच्या मशीनला हा जाच नाही. ड्रिल किंवा ग्राइंडरची बॅटरी घरात असेल तर त्याच प्रणालीतली नुसती बॉडी (बॅटरीशिवायचं मशीन) घ्या, बचत तिथेच होते. पडून असताना बॅटरी अर्धी भरलेली आणि थंड जागी ठेवा. ऑइलची टाकीही रिकामी करा, ते झिरपतं. धोका एकच: ही सॉ थांबलेली असताना आवाज नसतो, त्यामुळे बंद आहे असं वाटतं. काप संपला की ब्रेक लावलाच पाहिजे.

घेण्याआधी ब्रेक तपासा. मशीन जमिनीवर पक्कं धरून पूर्ण वेग द्या आणि मनगटाने मुठीपुढचा गार्ड (तोच ब्रेक लावतो) ढकला. चेन तत्काळ थांबायला हवी. पेट्रोलचं मशीन मंद गतीवर असताना चेन फिरता कामा नये. ट्रिगरचं लॉक, चेन तुटली तर अडवणारा चेन कॅचर आणि मागे दोरी अडकवायची कडी, या तिन्ही गोष्टी हाताने चाचपून बघा. अगदी स्वस्त नकली मशीनमध्ये ब्रेकचा पट्टा आणि कार्ब्युरेटर आधी दगा देतात, आणि त्यांचे सुटे भाग मापात बसतीलच असं नाही. त्यापेक्षा नामांकित कंपनीचं वापरलेलं मशीन चांगलं. मात्र सायलेन्सर काढून पिस्टन बघा. उभे ओरखडे असतील तर घेऊ नका.

बजेटमधून हेल्मेट, डोळ्यांचं व कानांचं संरक्षण आणि चेनरोधक पँट वगळू नका. चढण्यासाठी सर्व बाजूंनी संरक्षण देणारी सी प्रकारची पँट असते. वर सॉ चालवताना तुम्हाला झाडाशी जोडणाऱ्या दोन स्वतंत्र बांधण्या हव्यात, त्यातली एक स्टीलची तार असलेल्या दोरीची. पेट्रोलची सॉ खालीच गरम करून बंद करा आणि ब्रेक लावून वर पाठवा. विजेच्या तारांजवळचं झाड असेल तर ते काम वीज कंपनीला कळवा.

नवी चेन पहिल्या काही कापांत सैल होते. चेन थंड असताना, ती बारला खालून टेकेल पण हाताने सहज ओढता येईल इतकी ताणा. गरम चेन ताणली असेल तर काम संपताच पुन्हा सैल करा. थंड होताना ती आकसते आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर ताण येतो.