दोन गाड्यांवरून एका गाडीवर येताना या चुका टाळा

घरातल्या दोन गाड्यांच्या जागी एकच मध्यम आकाराची गाडी ठेवायची असे ठरले, की बहुतेक कुटुंबे जुन्या दोन्ही गाड्यांच्या गुणांची बेरीज करायला बसतात. लहान गाडीसारखी ती अरुंद जागेत वळली पाहिजे, मोठ्या गाडीसारखे तिच्यात सगळे सामान मावले पाहिजे, एकीसारखी ती कमी इंधन पिणारी हवी आणि दुसरीसारखी लांबच्या प्रवासात अंग न आंबवणारी हवी. अशी यादी घेऊन शोरूममध्ये गेले, की विक्रेता शक्य तितकी मोठी आणि महाग गाडी दाखवतो, आणि यादी पाहता त्याचे काही चुकते असेही म्हणता येत नाही. चूक यादीतच असते. दुसरी गाडी घराला खरी उपयोगी पडत होती ती तिच्या डिकीमुळे नव्हे, तर ती त्याच वेळी दुसऱ्या ठिकाणी जाऊ शकत होती आणि पहिली बंद पडली तर दारात उभी होती म्हणून. कितीही मोठी गाडी घेतली तरी या दोन सोयी परत मिळत नाहीत. म्हणून एकुलत्या एका गाडीची निवड आकारापासून सुरू करू नये. दोन्ही गाड्या एकाच वेळी लागतात असे दिवस किती, आणि ती एकच गाडी जागेवर अडकली तर काय, या दोन प्रश्नांपासून सुरू करावी.

नोंद न ठेवता गाडी विकणे

आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा "आठवड्यातून तीन-चारदा तरी दोन्ही गाड्या लागतातच" यावर सर्वांचे एकमत होते. मग लहान गाडीची किल्ली चार आठवडे कपाटात ठेवली आणि फ्रिजच्या दारावर एक कागद लावला. ज्याला ती किल्ली काढावीशी वाटेल त्याने वार, वेळ आणि कारण लिहायचे, एवढाच नियम होता. महिनाअखेरीस कागदावर सात नोंदी होत्या. त्यांपैकी चार वेळा कोणीतरी अर्धा तास अलीकडे-पलीकडे निघाले असते तर भागले असते, एक नोंद निव्वळ पावसाच्या कंटाळ्यामुळे झालेली होती, आणि उरलेल्या दोन मात्र खऱ्या होत्या, कारण दोघांना एकाच तासात, विरुद्ध दिशांना, सामानासह जायचे होते. महिन्यातून दोनदा भाड्याची गाडी बोलावून हा प्रश्न सहज सुटणारा होता. तो सोडवण्यासाठी सात आसनी गाडी घेण्याचा जो बेत चालला होता, त्याचा या प्रश्नाशी काही संबंधच नव्हता.

हा प्रयोग दोन्ही गाड्या हातात असतानाच करता येतो, म्हणून त्यापूर्वी एकही गाडी विकू नये. आणि कागदावर खऱ्या नोंदी बारा-पंधरा झाल्या, तर मोठी गाडी हे त्याचे उत्तर नव्हे हेही तितकेच स्पष्टपणे मान्य करावे. अशा घराला मध्यम गाडीपेक्षा एक साधी गाडी आणि एक दुचाकी अधिक उपयोगी पडेल.

याच कागदावर दोन्ही गाड्यांचे वर्षाचे किलोमीटरही मांडावेत. एक ८,००० आणि दुसरी ९,००० चालत असेल, तर नवी गाडी वर्षाला १७,००० च्या आसपास चालणार. सर्व्हिसिंगची मुदत १५,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी येईल ते, अशी असेल तर आजवर महिन्यांवर येणारे सर्व्हिसिंग आता किलोमीटरवर येईल, टायर लवकर झिजतील, आणि वॉरंटीला किलोमीटरची मर्यादा असल्यास ती अपेक्षेपेक्षा आधी संपेल. वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी तर हा हिशेब अवश्य करावा.

"मध्यम" या शब्दावर विसंबणे

मध्यम आकार हे सगळीकडे सारखे माप नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वर्गीकरणात सेडान गाडी "मिडसाइज" ठरते ती प्रवासी आणि सामान मिळून आतील जागा ११० ते ११९ घनफूट असेल तेव्हा. तेथे बाहेरची लांबी पाहिलीच जात नाही. इतरत्र हाच शब्द लांबीवरून, किमतीवरून किंवा केवळ जाहिरातीच्या सोयीने वापरला जातो. म्हणून शब्द सोडून द्यावा आणि टेप हातात घ्यावी. गाडी उभी करण्याच्या जागेची रुंदी मोजताना हे लक्षात ठेवावे, की माहितीपत्रकात दिलेली रुंदी बहुधा आरसे वगळून असते. उघडलेल्या आरशांसह ती साधारण २० सेंटिमीटरने वाढते, आणि शिवाय दार उघडून माणसाला बाहेर पडायचे असते.

डिकीचे लिटर वाचणे, तोंड न मोजणे

डिकीचे आकारमान लिटरमध्ये दिलेले असते आणि त्यावरून दोन गाड्यांची तुलना करण्याचा मोह होतो. युरोपात रूढ असलेल्या व्हीडीए पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे, ठोकळे डिकीत रचून किती मावतात ते मोजतात. असे ठोकळे चाकाच्या कमानीमागच्या सांदीतही बसतात आणि तळाखालच्या चोरकप्प्यातही बसतात. आपली प्रवासी बॅग तेथे बसत नाही. काही आकडे खिडकीच्या रेषेपर्यंतचे असतात, काही छतापर्यंतचे, आणि काही मागची आसने दुमडल्यानंतरचे. कोणता आकडा कोणत्या पद्धतीचा, हे न पाहता केलेली तुलना निरुपयोगी असते.

त्याहून महत्त्वाचे असते ते डिकीचे तोंड. मागील काच उतरती असलेल्या, दिसायला देखण्या गाड्यांमध्ये तळ लांबरुंद असूनही वरचा भाग आत झुकलेला असतो, त्यामुळे उंच, कडक वस्तू आत गेली तरी दार लागत नाही. घडी केलेली बाबागाडी, चाकांची खुर्ची, वाद्याची पेटी अशी जी एक वस्तू आपल्या घरातून वारंवार निघते, ती चाचणीच्या दिवशी बरोबर न्यावी आणि विक्रेत्यासमोर स्वतःच्या हातांनी आत ठेवून पाहावी. संकोच वाटतो हे खरे, परंतु तो पाच मिनिटांचा असतो. जमिनीपासून डिकीच्या काठाची उंचीही त्याच वेळी कळते, कारण २० किलोची वस्तू मांडीच्या उंचीपर्यंत उचलणे आणि कमरेच्या वर उचलणे यांतला फरक पाठीला लगेच समजतो. उंच एसयूव्हीपेक्षा लांबट स्टेशन वॅगनचा काठ बहुधा खाली असतो. तसे पर्याय उपलब्ध असतील तर केवळ फॅशन नाही म्हणून ते वगळू नयेत.

जागा आहे म्हणून वजनही चालेल, असे समजणे

गाडी पूर्ण भरण्याचे प्रसंग पूर्वी दोन गाड्यांत वाटले जात, आता ते एकाच गाडीवर येतात, त्यामुळे हा मुद्दा इतर मुद्द्यांपेक्षा जास्त सावकाश पाहावा. गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन वजा रिकाम्या गाडीचे वजन, एवढाच भार ती वाहू शकते. समजा कमाल वजन १,९०० किलो आहे आणि रिकामी गाडी १,४३० किलोची आहे, तर उरले ४७०. प्रत्येकी ७५ किलो धरून पाच प्रौढ बसले की ३७५ किलो संपले, आणि सामानासाठी राहिले अवघे ९५. काही ठिकाणी रिकाम्या गाडीच्या वजनात चालकाचे ७५ किलो आधीच धरलेले असतात, काही ठिकाणी नसतात, म्हणून आकड्याची व्याख्या वाचावी. बॅटरी, सनरूफ, चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा यांचे वजन या उरलेल्या भारातूनच वजा होते; त्यामुळे एकाच मॉडेलच्या महाग प्रकारात पुष्कळदा कमी सामान वाहता येते.

छतावर पेटी लावून हा प्रश्न सुटत नाही. पुष्कळ गाड्यांच्या छताची मर्यादा ७५ ते १०० किलोच्या दरम्यान असते, तीत आडव्या दांड्या आणि पेटी यांचे स्वतःचे वजनही मोजायचे असते, आणि हा भार एकूण मर्यादेत धरला जातोच. भरलेल्या गाडीसाठी टायरमध्ये किती हवा भरायची, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे लिहिलेले असते. प्रवासाला निघताना ते पाहणारे थोडेच भेटतात.

मागच्या आसनावर तीन मुले मावतील, असे गृहीत धरणे

अनेक गाड्यांत आयसोफिक्सची, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीच्या सांगाड्याला जोडण्याची, अडकवणी मागच्या दोन कडेच्या आसनांनाच असते, मधल्याला नसते. साधारण ४४ सेंटिमीटर रुंदीच्या तीन चाइल्ड सीट शेजारी ठेवायच्या, तर १३२ सेंटिमीटर सपाट रुंदी हवी, आणि तरीही मधल्या पट्ट्याचे कुलूप दोन सीटच्या फटीत गाडले जाऊ शकते. ज्या चाइल्ड सीटला जमिनीवर टेकणारा पाय असतो, ती पायाखाली पोकळ कप्पा असलेल्या जागी ठेवायची की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. सीट प्रत्यक्ष बसवून पाहण्याला येथे पर्याय नाही. वयस्कर माणसे नेहमी बसणार असतील तर त्यांनाही बरोबर न्यावे आणि पुढच्या नव्हे, मागच्या दारातून चढायला-उतरायला सांगावे.

इंधन जुन्या सवयीने निवडणे

पूर्वी लांबचा प्रवास डिझेल गाडी करी आणि कोपऱ्यावरची कामे छोटी पेट्रोल गाडी करी. आता दोन्ही कामे एकाच इंजिनाला करायची आहेत, आणि बहुतेक घरांत अंतराने नाही तरी संख्येने जवळच्या फेऱ्याच अधिक असतात. डिझेल गाडीच्या धूर-गाळणीत साठलेली काजळी जळून जाण्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत ते गाठले जात नाही, जळण्याची क्रिया अर्धवट तुटते, आणि त्यासाठी जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. अशी गाडी आधीच घेतली असेल आणि गाळणीचा दिवा लागला असेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे स्थिर वेगाने चालवावी. ऑइलची पातळी कमाल खुणेच्या वर गेलेली दिसली तर मात्र न चालवता ते बदलून घ्यावे. दिवा वारंवार लागत असेल तर दोष गाडीत नसून ती गाडी या घराला जुळत नाही, असे समजावे.

मायलेजच्या आकड्याबाबतही हेच म्हणता येईल. युरोपात २०१७ पासून लागू झालेली, इंधनाचा वापर मोजणारी डब्ल्यूएलटीपी चाचणी सुमारे २३ किलोमीटर आणि ३० मिनिटांची असते. ज्याच्या बहुतेक फेऱ्या थंड इंजिनाने सुरू होऊन इंजिन तापण्यापूर्वीच संपतात, त्याला तो आकडा मिळणार नाही. अशा वापराला हायब्रिड, म्हणजे इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी, चांगली जुळते. बाहेरून चार्ज करावी लागणारी प्लग-इन हायब्रिड मात्र रात्री जिथे गाडी उभी राहते तिथे चार्जिंग असेल तरच घ्यावी, नाहीतर जड बॅटरी फुकट वाहावी लागते. विद्युत गाडीबाबतही पहिला प्रश्न हाच, आणि दुसरा असा, की वर्षातून एकदा होणारा नव्हे, तर नियमित होणारा सर्वांत लांबचा प्रवास थंडीत आणि महामार्गाच्या वेगाने एका चार्जमध्ये होतो का.

एकाच चालकाने चाचणी घेणे

गाडी दोघे चालवणार असतील आणि त्यांच्या उंचीत वीस-तीस सेंटिमीटरचा फरक असेल, तर दोघांनीही चाचणी घ्यावी, आणि मुख्य म्हणजे लागोपाठ घ्यावी. आसन, आरसे आणि स्टिअरिंग रोज बदलावे लागणार आहे. त्याला किती वेळ लागतो, आसनाची उंची खरोखर पुरेशी कमी-जास्त होते का, स्टिअरिंग पुढेमागे सरकते की केवळ वरखाली होते, हे तेव्हाच कळते. आसनाच्या जागा लक्षात ठेवणारी मेमरी एका चालकाच्या घरात चैन असते, दोन चालकांच्या घरात ती गरज असते. सनरूफमुळे डोक्यावरची जागा दोन-तीन सेंटिमीटरने कमी होऊ शकते, म्हणून उंच चालकाने जी गाडी घ्यायची नेमका तोच प्रकार चालवावा.

अपघात-चाचणीत गाडीला मिळालेले सुरक्षेचे तारे पाहताना त्यांच्यापुढचे वर्षही वाचावे. फियाटच्या ग्रांदे पुंतोला २००५ साली युरो एनकॅप या युरोपातील गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे दिले होते, आणि त्याच पिढीच्या पुंतोला २०१७ च्या चाचणीत शून्य तारे मिळाले; मधल्या काळात निकष कठोर झाले.

बंद पडण्याचा विचार न करणे

दारात दुसरी गाडी असताना पंक्चर ही कटकट असते, एकच गाडी असताना त्यात पूर्ण दिवस जातो. आजकाल अनेक गाड्यांत स्टेपनीऐवजी फोम आणि पंप देतात, आणि तो फोम टायरच्या कडेला पडलेल्या चिरेवर चालत नाही. डिकीच्या तळाखाली स्टेपनीची जागा आहे का, आणि ती वेगळी घेता येते का, हे करारापूर्वी विचारावे. रिमही येथेच आडवे येतात. २१५/६० आर १६ या, म्हणजे १६ इंची रिमच्या, टायरची कड १२९ मिलिमीटर उंच असते, तर १८ इंची रिमच्या २२५/४५ आर १८ ची १०१. दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे अनुक्रमे ६६४ आणि ६६० मिलिमीटर, परंतु दुसऱ्यात खड्ड्याचा धक्का सोसायला रबर कमी आणि रिम वाकण्याची शक्यता अधिक. दिसायला मोठे रिम छान वाटतात हे मलाही मान्य आहे, तरीही एकुलत्या एका गाडीला मी लहान रिमच घेईन.

सर्व्हिसिंगच्या दिवशी गॅरेज बदली गाडी देते का, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, विम्यात दुसऱ्या चालकाचे नाव आहे का आणि रस्त्यावरील मदत घरापर्यंत पोचवते की फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत, हे प्रश्न लेखी उत्तरासह मिटवावेत. आणि टाकी पाव भागाखाली गेली की ज्याच्या हातात गाडी असेल त्यानेच ती भरून आणायची, हे घरात पहिल्याच आठवड्यात ठरवावे. आमच्याकडे ते ठरायला, सकाळी साडेसहाला रिकाम्या टाकीचा दिवा लागलेली गाडी मिळण्याचे दोन प्रसंग घडावे लागले.