परदेश प्रवासासाठी सिमकार्ड निवडताना

सिमकार्ड निवडण्याआधी आपला फोन एखाद्या ठरावीक कंपनीसाठी लॉक केलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी. तसा फोन दुसऱ्या कंपनीचे सिम स्वीकारतच नाही. त्यानंतर डायल पॅडवर *#०६# दाबावे. पडद्यावर आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी हा ३२ अंकी क्रमांकही दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची, म्हणजे कार्ड न घालता इंटरनेटवरून फोनमध्ये उतरवून घ्यायच्या सिमची, सोय आहे असे समजावे.

मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असेल, तर नेहमीच्या सिमवर रोमिंग पॅक घेणे पुरेसे आहे. त्याहून अधिक काळासाठी स्थानिक सिम बहुधा स्वस्त पडते, मात्र अनेक देशांत त्यासाठी पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते. युरोपीय संघातील एका देशाचे सिम १५ जून २०१७ पासून संघाच्या इतर देशांतही वाजवी वापराच्या मर्यादेत जादा रोमिंग शुल्काविना चालते. स्वित्झर्लंड मात्र या नियमात येत नाही, आणि नेमके हेच अनेकांच्या लक्षात राहत नाही.

प्रवासी ई-सिमच्या बऱ्याच योजना केवळ डेटा देतात, फोन क्रमांक देत नाहीत. मुदत ई-सिम फोनमध्ये घातल्यापासून मोजली जाते की परदेशी नेटवर्कला जोडल्यापासून, हे पैसे भरण्यापूर्वीच वाचावे. ते बसवण्यासाठी इंटरनेट लागत असल्याने हे काम निघण्याआधी वायफायवर उरकावे.

बँकेचे ओटीपी जुन्याच क्रमांकावर येतात, त्यामुळे ते सिम चालू ठेवावे. फक्त त्याचे डेटा रोमिंग आठवणीने बंद करावे, अन्यथा पार्श्वभूमीला चालणारी ॲप्सच मोठे बिल करून ठेवतात.