मांजरांच्या रीजनरेटिव्ह सर्जरीत यायचंय? आधी हे वाचा

रीजनरेटिव्ह सर्जरी म्हणजे खराब झालेला टिश्यू पुन्हा भरून आणायची सर्जरी. बीव्हीएससीच्या (जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी) शेवटच्या वर्षाची पोरं हल्ली सारखी विचारतात, मॅडम मला स्टेम सेलमध्येच (ज्यांच्यापासून नवीन टिश्यू बनू शकतो अशा पेशी) काम करायचंय आणि तेही मांजरांवर, तर कुठला कोर्स करू. वेगळा कोर्स शोधत बसू नका. एमव्हीएससीला, म्हणजे पुढच्या मास्टर्सला, सर्जरी अँड रेडिओलॉजी घ्या, नाहीतर अ‍ॅनिमल बायोटेक्नॉलॉजी. मी सर्जरी घेतली आणि माझं मत विचाराल तर हातात सुरी धरता आली पाहिजे, सेल कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवणं, नंतरही शिकता येतं.

बहुतेक जण कुत्र्याचा प्रोटोकॉल उचलतात आणि मांजराला लावतात, इथेच घोडं पेंड खातं. मांजराची कातडी वेगळी भरते. 2004 च्या एका तुलनेत टाके घातलेल्या जखमेची ताकद सातव्या दिवशी मांजरात कुत्र्याच्या निम्मीच भरली होती. वरून जखम मस्त जुळलेली दिसते, आपण खुश होऊन टाके काढतो आणि मांजराने एक उडी मारली की परत उघडी. कॉलरमध्ये पुढचा पाय अडकून काखेत झालेली जखम तर महिनोन्महिने छळते. तिथे पोटातला ओमेंटम, म्हणजे तो चरबीचा जाळीदार पडदा, लांबवून कातडीखालून काखेपर्यंत आणतात आणि वर पाठीच्या बाजूच्या कातडीचा फ्लॅप फिरवून शिवतात. ओमेंटम स्वतःच्या रक्तवाहिन्या घेऊन येतो, साचलेलं पाणी शोषतो, नवीन टिश्यू धरायला मदत करतो. याला कोणी टिश्यू इंजिनिअरिंग म्हणत नाही, पण स्कॅफोल्ड (पेशींना धरायला सांगाडा), पेशी आणि ग्रोथ फॅक्टर (वाढीला चालना देणारी प्रथिनं) हे तिन्ही फुकटात मिळतात, मग अजून काय पाहिजे!

थिसिसला पीआरपी, म्हणजे रक्तातून वेगळा काढलेला भरपूर प्लेटलेट्सचा प्लाझ्मा, घ्यायचा विचार असेल तर आधी रक्त काढायला शिका. मांजराच्या प्लेटलेट्स मोठ्या असतात आणि जरा काही झालं की गुठळ्या करतात, मांजर ओढाताण करत असेल, सुई दोनदा टोचली असेल, सिरिंज जोरात ओढली असेल तर सँपल गेलंच समजा. म्हणून सेडेशन द्या, मानेच्या शिरेत एकच स्वच्छ टोचा मारा आणि रक्त गोठू न देणारं सायट्रेट आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवा. मशीनने प्लेटलेट काउंट कमी दाखवला तर लगेच घाबरू नका, स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) करून त्याच्या पातळ टोकाला गुठळ्या दिसतात का ते डोळ्यांनी बघा. आणि चार किलोच्या मांजरातून रक्त काढून काढून किती काढणार, त्यामुळे डिझाईन करतानाच तो हिशोब धरा.

स्टेम सेलचं म्हणाल तर मांजरात सगळ्यात भरवशाचं काम तोंडाच्या जुनाट सुजेवर झालंय, हिरड्या लालबुंद आणि सगळे दात काढूनही काही मांजरं बरी होत नाहीत ती केस. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या टीमने 2016 मध्ये अशा 7 मांजरांना त्यांच्याच चरबीतून वाढवलेल्या 2 कोटी पेशी महिन्याभराच्या अंतराने दोनदा शिरेतून दिल्या, 5 जणांना फरक पडला. पुढच्या वर्षी दुसऱ्या मांजराच्या पेशी वापरल्या तर 7 पैकी 4. आकडे छोटे आहेत, त्यामुळे क्लायंटला हमखास गुण येईल असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब रहा.

कल्चरमध्ये एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, फोमी व्हायरस. बऱ्याच मांजरांत असतो, मांजराला सहसा काही त्रास देत नाही, पण फ्लास्कमध्ये पेशी एकमेकींत विरघळून मोठाले गोळे होतात आणि वाढ थांबते. सगळे कल्चर मीडियाला, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाला, शिव्या घालत बसतात. डोनर मांजर आधीच तपासून घ्या.

एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्याच सेमिस्टरला टाका, क्लायंटची लेखी संमती मराठीतही छापून ठेवा. आणि कॉलेज निवडताना तिथल्या सीनियरला गुपचूप तीन गोष्टी विचारा: ओपीडीला मांजरं किती येतात, सेंट्रिफ्यूज विभागाचा स्वतःचा आहे की शेजाऱ्याकडे मागायचा, आणि इनक्युबेटरची किल्ली कुणाकडे असते.