हलकी कुऱ्हाड घेताना या चुका टाळा

कॅम्पिंगसाठी कुऱ्हाड घ्यायची म्हटलं की आधी वजनाचा विचार होतो, आणि पहिली चूक तिथेच होते. पाठीवर ओझं नको म्हणून दुकानातली सगळ्यात छोटी कुऱ्हाड उचलली जाते. पण पातं अगदीच हलकं असलं की ते स्वतःच्या वजनाने लाकडात शिरत नाही. सगळा जोर मनगटाला लावावा लागतो, हात भरून येतो आणि नेम चुकायला लागतो. पातं ४५० ते ७०० ग्रॅम आणि दांडा ३५ ते ५० सेंटिमीटर, हे माप मला योग्य वाटतं. स्वीडनच्या ग्रान्सफोर्स ब्रुकची 'स्मॉल फॉरेस्ट अ‍ॅक्स' साधारण या मापाच्या वरच्या टोकाला बसते.

आखूड दांडा म्हणजे कमी धोका, हा समज सगळ्यात घातक. लांब दांड्याचा घाव चुकला तर पातं बहुतेक वेळा पुढच्या जमिनीत घुसतं. आखूड दांड्याचा चुकलेला घाव वळून थेट नडगीवर किंवा गुडघ्यावर येतो. म्हणून छोट्या कुऱ्हाडीने उभं राहून लाकूड फोडू नका. गुडघे टेकून बसा, समोर जाड ओंडका ठेवा आणि त्याच्या पलीकडच्या कडेवर लाकूड ठेवून फोडा. घाव चुकला तरी ओंडक्यात किंवा मातीत जाईल. आडव्या खोडाच्या फांद्या तोडताना खोड आपल्या आणि कुऱ्हाडीच्या मध्ये असू द्या.

दांडा विकत घेण्याआधी टोकाकडून पाहा. लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेने उभ्या असाव्यात. आडव्या असतील तर दांडा लवकर चिरतो. रंगाचा जाड थर असेल तर रेषा दिसतच नाहीत, असा दांडा टाळलेला बरा. प्लॅस्टिकच्या दांड्याला ही अडचण नाही, मात्र तो मोडला तर रानात नवा करून बसवता येत नाही.

पातं हलायला लागलं की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. लाकूड फुगतं आणि पातं तात्पुरतं घट्ट बसतं. पण फुगताना दांड्याचे तंतू लोखंडावर दाबले जाऊन चेपले जातात, आणि वाळल्यावर पातं आधीपेक्षा सैल होतं. पावसाळ्यात बसवलेला दांडा वैशाखात हमखास ढिला पडतो, त्यामुळे उन्हाळ्यात निघण्याआधी तपासाच. खरा उपाय म्हणजे नवी पाचर ठोकणं. दांड्याला अधूनमधून जवसाचं तेल लावा.

धारेबद्दल एक सांगायलाच हवं. पाइन आणि बर्चच्या मऊ लाकडावर चालणारी पातळ धार वाळलेल्या बाभळीवर किंवा खैरावर तुटते. आपल्या लाकडांसाठी धार थोडी जाड, गोलसर ठेवा. ती ग्राइंडरवर लावू नका. कड तापून निळी पडली की पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग धार टिकत नाही. कानस आणि दगड पुरतो.

आणि कुऱ्हाड सॅकमध्ये भरण्याआधी ठिकाण तपासा. हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात येतो. अभयारण्यात हत्यार न्यायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे परवानगी लागते आणि तिथलं लाकूड तोडणं गुन्हा आहे.