जुन्या मोटारीचे पत्राकाम आणि रंगकाम स्वतः कसे करावे

विंटेज मोटारीला स्वतःच्या हाताने रंग द्यायचे मनात आले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी स्प्रे गन येते. प्रत्यक्षात गन हातात धरण्याचे काम एक-दोन दिवसांचे असते आणि त्याआधीचे कित्येक आठवडे पत्रा ठोकण्यात, गंज काढण्यात आणि पुट्टी घासण्यात जातात. चकचकीत रंग खालचा दोष झाकत नाही, उलट तो उघडा पाडतो. कारण आरशासारख्या पृष्ठभागात दिसणारे सरळ रेषेचे प्रतिबिंब अर्ध्या मिलिमीटरच्या खोलगट भागावरही वाकडे होते. म्हणून या लेखात रंगापेक्षा रंगाखालच्या कामाला अधिक जागा दिली आहे.

रंग काढण्यापूर्वी

मूळ रंग खरोखरच पूर्ण काढण्याची गरज आहे का, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. कारखान्यातला रंग एकदा खरवडला की तो परत मिळत नाही. रंग फिका पडला असला, पण पत्र्याला घट्ट धरून असला, तर हलक्या कंपाउंडने, म्हणजे रंग घासून उजळवण्याच्या लेपाने, एक कोपरा पुसून पाहावा. कित्येकदा वरचा मृत थर निघतो आणि खालून चांगला रंग येतो. असे असेल तर रंग जतन करणेच योग्य, असे माझे ठाम मत आहे.

नवा रंग द्यायचाच असेल, तर गाडीची मूळ छटा शोधावी. डॅशबोर्डच्या मागे, आसनाखाली, बिजागरांच्या पट्ट्यांमागे ऊन आणि हात पोहोचलेले नसतात, तिथे ती सापडते. एखाद्या आडोशाच्या जागी वाटीएवढा गोल भाग बारीक वॉटर पेपरने उतरता घासला, तर एकावर एक दिलेले सगळे रंग कड्यांसारखे दिसतात आणि गाडी किती वेळा रंगवली गेली ते कळते. ऐकीव माहितीवर इथे विसंबू नये. फोर्डची मॉडेल टी काळ्याच रंगात येई, असे सर्रास सांगितले जाते. पण तो नियम साधारण १९१४ ते १९२५ या काळापुरता होता आणि त्याआधीच्या गाड्या इतर रंगांतही निघत होत्या.

आता असलेला रंग कोणत्या जातीचा आहे, हेही तपासावे. पांढऱ्या फडक्यावर सेल्युलोज थिनर घेऊन रंगावर हलके चोळावे. रंग विरघळून फडक्याला लागला तर तो सेल्युलोज लॅकर, म्हणजे नुसता थिनर उडून वाळणारा रंग. सुरकुतला किंवा फुगला तर एनॅमल. आणि काहीच झाले नाही तर हार्डनरसह (कडक करणाऱ्या रसायनासह) दिलेला दोन घटकांचा रंग असण्याची शक्यता मोठी. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एनॅमलवर सेल्युलोज मारले तर त्यातला तीव्र थिनर खालचा थर उचलतो आणि संपूर्ण काम वाया जाते.

त्यानंतर पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक सगळ्या अंगावरून फिरवावे. जिथे ओढ कमी होते तिथे पुट्टीचा जाड थर किंवा शिसे असते. मात्र जुन्या काही गाड्यांचे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात, त्यावर चुंबक चिकटणारच नाही. बोटांनी टकटक करून आवाजही ऐकावा. पत्रा खणखणतो, पुट्टीचा आवाज बद्द येतो.

एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. जुन्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसे असण्याचा दाट संभव असतो आणि जुन्या काळी पत्र्यांचे सांधे शिसे-कथिलाच्या मिश्रणाने भरले जात. असा रंग कोरडा घासू नये आणि शिशावर ग्राइंडर चालवू नये. रंग ओल्या पेपरने घासावा, शिसे कानशीने उतरवावे, बारीक धूळ अडवणारा मास्क घालावा, कपडे तिथेच बदलावेत आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

पत्रा आणि गंज

बंपर, दिवे, काचा, रबर आणि चकाकत्या पट्ट्या काढून ठेवाव्यात. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून चिठ्ठी लावावी आणि काढण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. टेप लावून बाजूने रंगवलेली गाडी दुरूनही ओळखू येते.

रंग काढण्यासाठी मोठ्या सपाट भागांवर वाळूचा मारा टाळावा, कारण त्याच्या आघाताने पत्रा ताणला जाऊन लाटेसारखा वाकतो. बॉनेट, छप्पर आणि दारे यांच्यासाठी रंग काढण्याचे रसायन किंवा पेपर बरा. वाळू जाड, वळणदार भागांपुरती ठेवावी. उघडा पडलेला पत्रा काही तासांतही गंजू लागतो, म्हणून त्या दिवशी जेवढे प्रायमरखाली झाकता येईल तेवढेच उघडे करावे.

गंजाच्या बाबतीत तडजोड करू नये. माझ्या पहिल्या गाडीच्या मडगार्डवर मी वरवरचा गंज घासून थेट पुट्टी भरली होती. वर्षभराच्या आत तिथे फोड आले आणि खरवडल्यावर कळले, की मागच्या बाजूने पत्रा कागदासारखा झाला होता. गंज नेहमी दोन्ही बाजूंनी पाहावा. टोचणीने दाबल्यावर पत्रा खचला तर तो भाग कापून काढण्याखेरीज इलाज नाही. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाने निघतो. परंतु त्या आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी प्रायमर नीट चिकटत नाही, म्हणून डब्यावरच्या सूचनेप्रमाणे ते पूर्ण धुऊन लगेच कोरडे करावे.

ठिगळ लावताना पत्र्याची जाडी मूळ पत्र्याइतकीच, म्हणजे बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास असावी. ठिगळ वर चढवण्यापेक्षा कडेला कड भिडवून जोडले तर मागे पाणी साचत नाही. सलग वेल्डिंग करू नये; एक ठिपका इथे, दुसरा लांब तिथे, असे करत मधल्या जागा भराव्यात आणि प्रत्येक ठिपका निवू द्यावा, नाहीतर उष्णतेने पत्रा आक्रसतो. कित्येक जुन्या गाड्यांत पत्र्यामागे लाकडाचा सांगाडा असतो आणि तो आतल्या आत धुमसू शकतो. त्यामुळे बॅटरी सोडवणे, इंधनाची टाकी उतरवणे, अग्निशामक हाताशी ठेवणे आणि काम संपल्यावर तासभर तिथेच थांबणे, यांतले काहीही गाळू नये.

पोचा काढताना मनात एकच गोष्ट धरावी: पत्रा ज्या क्रमाने दबला त्याच्या उलट क्रमाने तो मोकळा करायचा असतो. पोच्याच्या मधोमध आतून जोराने ठोकले तर पत्रा ताणला जातो आणि पुढे बोटाने दाबताच टकटक आत-बाहेर होतो. खड्ड्याभोवती वर उचलले गेलेले कडे आधी हलके खाली बसवावे. त्या वेळी डॉली, म्हणजे पत्र्यामागे आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा, खड्ड्याखाली, आतून दाबून धरावी आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर पडावी. खड्डा बराचसा वर आला, की मग डॉली नेमकी हातोडीखाली आणून छोट्या, हलक्या फटक्यांनी सपाटी आणावी. हातोडी मनगटातून चालली पाहिजे. मधूनमधून कानस हलकेच फिरवावी. जिथे ओरखडे उमटतात तो उंचवटा, जिथे उमटत नाहीत तो खड्डा.

उंचसखलपणा पाहण्यासाठी डोळ्यांपेक्षा तळहात भरवशाचा आहे. पातळ सुती हातमोजा घालून, बोटे एकत्र ठेवून, लांब आणि सावकाश फिरवलेला हात कागदाच्या जाडीचा फरकही सांगतो. ही सवय व्हायला काही दिवस लागतात, पण तिच्याशिवाय पुढचे काम अंदाजाने होते.

पुट्टीकडे वळण्यापूर्वी दारे, बॉनेट आणि मडगार्ड गाडीवर चढवून फटी जुळवाव्यात. सुटी दारे सपाट करून नंतर बसवली, तर शेजारच्या पत्र्याशी त्यांची रेषा जुळत नाही.

पुट्टी आणि प्रायमर

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि त्यावर पुट्टी भरावी. ओलावा पत्र्यापर्यंत जाऊ न देण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. आम्लयुक्त ‘एच’ (etch) प्रायमरवर, म्हणजे आम्लाने पत्रा किंचित कोरून चिकटणाऱ्या प्रायमरवर, मात्र पॉलिएस्टर पुट्टी थेट लावू नये. तयार पुट्टीची जाडी २ ते ३ मिलिमीटरच्या पुढे जात असेल, तर हातोडीचे काम अजून बाकी आहे असे समजावे.

हार्डनर वजनाने सुमारे २ टक्के पुरतो. लवकर सुकावे म्हणून तो वाढवला तर त्यातले पेरॉक्साइड पुढे वरच्या रंगातून डागाच्या रूपाने वर येते. मिश्रण फेटू नये, कारण हवेचे बुडबुडे अडकून नंतर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. पसरट पाटीवर दाबत, रंगाच्या रेघा नाहीशा होईपर्यंत एकजीव करावे. लावायला चार-पाच मिनिटेच मिळतात, तेव्हा मूठभरच कालवावी.

पुट्टी नेहमी कोरडी घासावी, कारण ती पाणी शोषते. ८० नंबरच्या पेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) आकार, मग १२० आणि १८०ने ओरखडे कमी करणे, असा क्रम ठेवावा. हाताच्या बोटांनी पेपर धरून कधीही घासू नये. बोटांचा दाब चर पाडतो. सपाट भागाला लांब, कडक ठोकळा आणि वळणाला लवचीक ठोकळा घेऊन तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या दिशांनी घासावे, आणि पुट्टीच्या हद्दीबाहेर बरेच लांबपर्यंत जावे.

त्यानंतर हाय-बिल्ड, म्हणजे जाड थर देणाऱ्या, प्रायमरचे दोन-तीन हात द्यावेत, त्यासाठी गनला १.७ ते १.८ मिलिमीटरचे नॉझल लागते. तो सुकल्यावर वेगळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा किंवा काळी कोरडी पूड सगळीकडे लावावी आणि ३२० नंबरच्या पेपरने ठोकळ्यावर घासावे. उंच जागी काळपटपणा लगेच जातो, खोलगट जागी तो टिकून राहतो. सगळा काळपटपणा एकसारखा निघेपर्यंत प्रायमर आणि घासणे ही फेरी पुन्हा करावी. दोन फेऱ्या लागणे अगदी स्वाभाविक आहे, आणि तिसरी लागली तरी ती टाळू नये. शेवटी एकरंगी रंगासाठी ६०० आणि मेटॅलिकसाठी ८०० नंबरपर्यंत बारीक करावे.

रंग कोणता, आणि तो कसा मारावा

१९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकर आले. त्याआधी मोटारींवर घोडागाडीसारखेच ब्रशने वार्निशाचे थर दिले जात आणि ते सुकायला आठवडे लागत. विंटेज गाडीवर सेल्युलोजची मऊ, खोल चकाकी शोभून दिसते, आणि घरी काम करणाऱ्याला तो रंग दुरुस्तीसाठीही सोपा जातो, कारण नवा थर जुन्यात विरघळून एक होतो. दोन घटकांचा रंग अधिक टिकाऊ आहे. पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो, त्याची घातक मात्रा वासाने कळत नाही आणि साध्या गाळणीच्या मास्कवर विसंबता येत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि योग्य वायुवीजनाचे बूथ लागते. ही सोय नसेल, तर पत्राकाम आणि प्रायमरची घासाई स्वतः करून शेवटचा रंग सुसज्ज कार्यशाळेत मारून घ्यावा. यात कमीपणा नाही. सेल्युलोजसाठीही बाष्पाचा मास्क आणि हवा खेळती ठेवणे अनिवार्य आहे. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेट घेते.

रंग मारण्यापूर्वी पृष्ठभाग डीग्रीझरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने, पुसावा: एका फडक्याने ओले करावे आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यावे. जुन्या पॉलिशमधले सिलिकोन राहिले, तर रंग त्या जागेवरून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. कंप्रेसरच्या नळीवर पाण्याचा सापळा हवाच.

हवा २० ते २५ अंश सेल्सिअस आणि कोरडी असेल असा दिवस निवडावा. दमट हवेत सेल्युलोजचा थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतले पाणी जमते आणि रंग दुधाळ दिसू लागतो. अशा वेळी सावकाश उडणारा थिनर वापरावा किंवा काम पुढे ढकलावे.

१.३ किंवा १.४ मिलिमीटरचे नॉझल, पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला, एवढे तीन आकडे लक्षात ठेवावेत. गन पत्र्याला काटकोनात ठेवून संपूर्ण हात सरकवावा. मनगट वळले की मध्ये रंग जाड आणि कडांना विरळ पडतो. गनचा घोडा (चाप) पत्रा सुरू होण्याआधी दाबावा आणि तो संपल्यावर सोडावा. आधी टाकाऊ पत्र्यावर सराव करावा. कडा आणि खाचा आधी, मोठे भाग नंतर. पहिला हात हलका, पुढचे पुरेसे ओले, आणि दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटांचा अवकाश. सेल्युलोजचे थर पातळ असतात, त्यामुळे चार ते सहा हात लागतात.

ओघळ आला तर त्याला हात लावू नये. पूर्ण वाळल्यावर तो धारदार पात्याने किंवा छोट्या ठोकळ्यावरच्या १००० नंबरच्या वॉटर पेपरने उतरवता येतो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आला, तर बहुधा रंग घट्ट असतो, अंतर जास्त असते किंवा हवेचा दाब कमी असतो. पुढच्या हाताआधी कारण शोधावे.

घासून चमक आणणे

सेल्युलोज अनेक आठवडे आक्रसत राहतो. घाईने पॉलिश केले तर प्रायमरमधले ओरखडे महिन्याभराने पुन्हा वर दिसतात, म्हणून तीन-चार आठवडे थांबावे. मग साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात पेपर भिजवून १५०० आणि नंतर २००० नंबरने, मऊ ठोकळ्यावर, सरळ रेषेत घासावे. सगळ्या थरांची जाडी मिळून केसाएवढीच भरते आणि कडांवर ती आणखी कमी असते; म्हणून कडा आणि घड्यांवर टेप लावून ठेवावी, तो भाग शेवटी हाताने करावा. बफिंग मशीन कमी वेगावर, फोमच्या पॅडने आणि सतत हलते ठेवून चालवावे. एकाच जागी थांबले तर रंग तापतो आणि निघून येतो.

मेण लावण्याची घाई करू नये. उरलेला थिनर बाहेर पडायला दोन-तीन महिने द्यावेत आणि तोवर गाडी फक्त साध्या पाण्याने धुवावी. त्याच काळात दारांच्या तळाची पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी आहेत ना ते तारेने तपासावे, आणि जिथे ठिगळे लावली त्या पोकळ जागांत आतून गंजरोधक मेण फवारावे.